उकळणारा दगड आणि न कुजणारा कचरा

इ. स. १७५६ मध्ये स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट ह्याने एक स्फटिक फुंकनळीच्या ज्योतीत धरला. अशा ज्योतीत खनिजे एक तर तापून लाल होतात, नाही तर तडकतात किंवा वितळतात. हा स्फटिक मात्र फसफसू लागला. जणू दगडच उकळत आहे, असे ते दृश्य होते. क्रोन्स्टेटने ‘उकळणे’ व ‘दगड’ ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला ‘झिओलाइट’ असे नाव दिले. वास्तविक उकळत होते ते दगडाच्या अंतरंगात साठलेले पाणी. ह्या कुळातील पुष्कळ खनिजांचा विशेष असा, की आतील पाणी निघून गेले तरी त्यांची चौकट ढासळत नाही. आतली दालने तेवढी रिकामी होतात आणि दगड निवला की हवेतील ओलावा पुन्हा तेथे येऊन बसतो. ह्या रिकाम्या दालनांचा उपयोग प्लास्टिकच्या कचऱ्याचे पुन्हा तेल, वायू व रसायने करण्यासाठी होऊ शकेल काय, ह्याचा शोध आज जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. तो शोध कोठवर आला आहे आणि कोठे अडला आहे, ते ह्या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

हा दगड आम्हां मराठी माणसांना परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. रस थिजत असताना त्यातील वायूचे बुडबुडे जागच्या जागी राहून काळ्या खडकात पोकळ्या झाल्या आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट इत्यादी झिओलाइटांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव ह्या भागांत विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर फुटलेल्या दगडाच्या पोटी हे मोतिया, गुलाबी, कधी सुयांच्या जुडग्यासारखे स्फटिक सापडतात. नाशिकजवळ सिन्नर येथे ‘गारगोटी’ नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. तेथील स्फटिक पाहण्यासाठी वाकडी वाट करावी इतके सुंदर आहेत. (खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, ती झिओलाइट नव्हे. संग्रहालयाचे नाव ऐकून कोणी गल्लत करू नये, म्हणून सांगितले.) आम्हां बडोदेकरांना तर फार दूर जाण्याचेही कारण नाही. आपला पावागड हा त्याच ज्वालामुखी उद्रेकाचा वारसदार आहे.

आता ह्या दगडाच्या घराची रचना पाहू. सिलिकॉनचा एक अणू मध्ये व ऑक्सिजनचे चार अणू चार कोपऱ्यांवर, अशी एक चतुष्फलकी वीट कल्पावी. अशा विटा कोपऱ्याला कोपरा लावून रचल्या की चौकट तयार होते. वाळूतही हीच वीट असते. परंतु वाळूत विटा दाटीने रचलेल्या असतात, झिओलाइटमध्ये त्या विशिष्ट अंतरे राखून रचलेल्या असतात. त्यामुळे दालने, दालनांना जोडणारे बोळ व बोळांची दारे उत्पन्न होतात. एकाच पदार्थाची सर्व दारे अगदी एका मापाची असतात, ही ह्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. झेडएसएम-५ नावाच्या झिओलाइटचे दार एका मिलिमीटरचे १८ लाख भाग केले असता त्यांतील एका भागाएवढे असते. वाय नावाच्या झिओलाइटचे त्याहून थोडे मोठे. आतील भिंतींचे क्षेत्रफळ मोजू गेल्यास एक ग्रॅम वाय झिओलाइटमध्ये सुमारे ७०० चौरस मीटर भरते. चिमूटभर पांढऱ्या भुकटीत कबड्डीची पाच मैदाने मावावीत, असा हा प्रकार आहे! शास्त्रज्ञ ह्या पदार्थांना रेणूंची चाळण म्हणतात, ते यथार्थ आहे. २०२१ च्या साथीत रुग्णांना ज्या यंत्रांनी हवेतून प्राणवायू वेगळा करून दिला, त्या यंत्रांत ही चाळणच बसविलेली होती. ती नायट्रोजन धरून ठेवते व प्राणवायू पुढे जाऊ देते.

परंतु नुसत्या चाळणीने प्लास्टिक तुटणार नाही. त्यासाठी चाळणीला दातही हवेत, आणि ते दात ॲल्युमिनियम देते. चौकटीत काही विटांमध्ये सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेले असते. सिलिकॉनची संयुजा चार, ॲल्युमिनियमची तीन. म्हणून त्या जागी एक ऋणभार शिल्लक राहतो व तो फेडण्यासाठी जवळपास सोडियम किंवा कॅल्शियमचा धनभारित अणू येऊन बसतो. हा पाहुणा अदलाबदलीला राजी असतो. त्याला हलवून त्याच्या जागी हायड्रोजनचा धनभारित अणू बसविला की ती जागा आम्ल होते, आणि साधेसुधे नव्हे, तर चांगले जहाल आम्ल होते. मात्र गंधकाम्लाप्रमाणे ते सांडत नाही की भांडे खात नाही. ते भिंतीत बंदिस्त असते. रेणू दारातून आत यावा, भिंतीवरील आम्लाने त्याचा बंध तोडावा, तुकडे दुसऱ्या दाराने बाहेर पडावेत, आणि भिंत मात्र होती तशीच राहावी! ज्याला आपण उत्प्रेरक म्हणतो त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

निसर्गातील झिओलाइट बहुधा अशुद्ध असतो, म्हणून उद्योगधंद्यात वापरला जाणारा झिओलाइट कारखान्यात घडवितात. ॲल्युमिनियमची व सिलिकॉनची संयुगे क्षारयुक्त पाण्यात कालवून बंद भांड्यात तापविली की स्फटिक तयार होतात. इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅरर ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात ह्या कामाचा पाया घातला. अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन ह्यांनी त्याच दशकाच्या अखेरीस ए व एक्स हे झिओलाइट बनविले. आणि १९६२ पासून खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यांत जड तेलाचे पेट्रोल करण्यासाठी ह्या भुकटीचा उपयोग होऊ लागला. तेव्हापासून पेट्रोलचे चित्रच पालटले. आपल्या शेजारच्या कोयली येथील शुद्धीकरण कारखान्यातही जड तेलाचे भंजन अशाच उत्प्रेरकाने केले जाते. झेडएसएम-५ हा अमेरिकेतील मोबिल कंपनीचा शोध. त्याचे एकस्व १९७२ चे.

येथे एक स्थानिक गोष्ट नमूद केल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नस्वामी व त्यांचे सहकारी ह्यांनी झिओलाइट उत्प्रेरकांवर काम केले आणि त्यातून निघालेली झायलीन रूपांतराची पद्धत १९८५ मध्ये बडोद्याच्याच ‘इंडियन पेट्रोकेमिकल्स’च्या कारखान्यात प्रत्यक्ष चालविण्यात आली. (ती कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली.) ह्या पद्धतीने मिळणारे पॅरा-झायलीन कोठे जाते? त्यापासून टेरेफ्थॅलिक आम्ल होते आणि त्या आम्लापासून पॉलिएस्टरचे कापड व पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक. म्हणजे ज्या दगडाने प्लास्टिक घडविण्यास हात दिला, त्याच दगडाला आता प्लास्टिक मोडण्याची गळ आपण घालीत आहोत.

आणि ती गळ घालण्याची पाळी का आली, हे एका आकड्यावरून कळेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिताप्रमाणे, २०१५ पर्यंत मानवाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण केले. त्यापैकी ६३० कोटी टनांचा कचरा झाला. ह्या कचऱ्यातील शेकडा ९ भाग पुन्हा वापरात आला, १२ भाग जाळला गेला आणि ७९ भाग उकिरड्यांवर किंवा उघड्यावर पडला. आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०१९-२० ह्या एका वर्षात सुमारे ३५ लाख टन प्लास्टिकचा कचरा निघाला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या काही प्लास्टिकच्या वस्तूंना देशभर बंदी झाली. परंतु दुधाची पिशवी, तेलाचा डबा, सिमेंटचे पोते ही काही त्या यादीत नाहीत, आणि असूही शकत नाहीत.

प्लास्टिक कुजत नाही, ह्याचे कारण त्याच्या रेणूत आहे. १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये विन्निंग्टन येथे एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन भलताच प्रयोग करीत होते. त्यांच्या भांड्यात मेणासारखा एक पांढरा पदार्थ जमला. तो पॉलिएथिलीन. आज दुधाची पिशवी त्याचीच असते. कार्बनच्या अणूंची माळ आणि प्रत्येक मण्याला हायड्रोजनचे दोन अणू, एवढीच त्याची घडण. पण माळेत मणी हजारो असतात. कार्बन-कार्बन हा बंध बळकट, आणि सर्व बंध सारखेच असल्यामुळे जंतूंच्या पाचकरसांना चावा घेण्यास दुबळी जागा सापडत नाही. गव्हाच्या पिठातील स्टार्चही माळच आहे. परंतु तिच्यात मण्यांच्या मध्ये ऑक्सिजनचे दुवे असतात, व तेथे ती सहज तुटते. म्हणून पोळी पचते आणि पिशवी पचत नाही. ती गाईच्या पोटात गेली तर काय होते, हे आपल्या शहरातील कोणाही पशुवैद्याला विचारावे.

ही माळ नुसत्या उष्णतेने तोडता येते. हवा लागू न देता बंद भांड्यात पॉलिएथिलीन ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की माळ तुटू लागते. परंतु ती कोठेही तुटते. कोणी डोळे झाकून दोराचे तुकडे करावेत, तसे लहानमोठे सर्व लांबीचे तुकडे पडतात. त्यातून थोडा वायू, थोडे तेल व पुष्कळसे मेण असा भोंगळ माल हाती येतो. झिओलाइट जवळ असला म्हणजे दोन गोष्टी घडतात. एक तर तोडण्याचे काम बऱ्याच कमी तपमानावर होते. दुसरे असे, की तोडण्याला शिस्त येते. भिंतीवरील आम्लामुळे माळेतील एका कार्बनवर धनभार येतो. त्यामुळे त्याच्या शेजारचा नव्हे तर त्याच्या पुढचा बंध सैल होऊन तुटतो, धनभार नव्या टोकावर सरकतो आणि क्रम पुढे चालू राहतो. तुकडे लहान, व दाराच्या मापाला साजेसे होतात. झेडएसएम-५ च्या अरुंद बोळांतून मुख्यतः प्रॉपिलीन, ब्यूटिलीन ह्यांसारखे वायू आणि काही प्रमाणात बेंझिन, टोल्विन व झायलीन बाहेर येतात. वायच्या प्रशस्त दालनांतून पेट्रोलच्या जातीचे तेल अधिक मिळते. कोणता माल हवा ते ठरवून दाराचे माप निवडावे, इतकी सोय ह्यात आहे.

मग अडते कोठे? दारातच अडते. आमच्या मते ह्या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. शुद्धीकरण कारखान्यातील जड तेलाचा रेणू वीस-चाळीस मण्यांचा. तो वायच्या दारातून अंग चोरून का होईना, आत शिरतो. प्लास्टिकची माळ हजारो मण्यांची, आणि ती काही सरळ ताणलेली नसते. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तिचा गुंता झालेला असतो. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवता येतो, दोऱ्याचा गुंता ओवता येत नाही. पॉलिएथिलीनच्या माळेचे मोकळे टोक झेडएसएम-५ च्या दारात कसेबसे शिरू शकते. पॉलिप्रॉपिलीनच्या माळेला तर बाजूंना फांद्या असतात, त्यामुळे तिची अडचण अधिक. परिणामी पहिली तोडणी उष्णतेने तरी व्हावी लागते किंवा स्फटिकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. आतली पाच मैदाने ओस पडलेली आणि सारी झुंबड उंबरठ्यावर!

ह्यावर शास्त्रज्ञांनी योजलेले उपाय मोठे मनोरंजक आहेत. कोणी स्फटिकच अतिशय बारीक बनवितात, म्हणजे त्याच वजनात उंबरठा जास्त मिळतो. कोणी तयार स्फटिक सौम्य क्षाराच्या द्रावणात भिजवून त्याच्या भिंती थोड्या कुरतडतात. त्यामुळे अरुंद बोळांच्या जोडीला रुंद रस्ते निघतात, रस्त्यात गुंता ढोबळ तुटतो आणि तुकडे बोळांत जाऊन बारीक होतात. कोणी स्फटिकाचे पातळ पापुद्रे करतात. शहर वसविणाऱ्या स्थापत्यकारासमोर जो प्रश्न असतो, राजमार्ग किती रुंद व गल्ल्या किती अरुंद ठेवाव्यात, तोच येथे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात सोडविला जात आहे. २०२१ साली अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात निराळीच युक्ती केली गेली. तेथे प्लॅटिनम, टंग्स्टन व झिर्कोनियम असलेला एक उत्प्रेरक आणि वाय झिओलाइट ह्यांची जोडी जमविली आणि हायड्रोजनच्या दाबाखाली केवळ २२५ अंशांवर प्लास्टिकचे द्रव इंधन केले. पहिल्याने माळ ढोबळ तोडावी, दुसऱ्याने ती बारीक करावी, अशी कामाची वाटणी. तपमान निम्म्यावर आले, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्यात प्लॅटिनम महाग, आणि हायड्रोजन दाबाखाली हाताळणे जोखमीचे.

दुसरी अडचण काजळीची. काही तुकडे दालनांतच एकमेकांना चिकटून कोळशासारखा थर बनवितात व बोळ तुंबतात. शुद्धीकरण कारखान्यात ह्यावर तोडगा आहे: तुंबलेली भुकटी दुसऱ्या पात्रात नेऊन हवेत ७०० अंशांच्या सुमारास तापवितात, काजळी जळून जाते, भुकटी पुन्हा कामाला लागते, आणि जळण्याची उष्णता पहिल्या पात्राला पुरविली जाते. प्लास्टिकलाही हा तोडगा लागू पडतो. म्हणून चालू शुद्धीकरण कारखान्यातच जड तेलाबरोबर थोडे प्लास्टिकचे तेल मिसळावे, असा विचार बळावत आहे. आम्हांला तो नव्या कारखान्याच्या कल्पनेपेक्षा अधिक व्यवहार्य वाटतो.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि ती प्रयोगशाळेत सुटणारी नाही. आतापर्यंत आम्ही ‘प्लास्टिक’ हा शब्द एकवचनी वापरला. उकिरड्यावर ते एकवचनी नसते. नळ, तारांची आवरणे ह्यांचे पीव्हीसी वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीनचे असते. तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो पात्रे गंजवितो व तेलात क्लोरीन मिसळतो. पाण्याच्या बाटलीत ऑक्सिजन असतो. तापविल्यावर तिचे घट्ट आम्ल नळ्यांत साचते. नायलॉनमधून नायट्रोजनची अल्कली संयुगे निघतात, आणि ती भिंतीवरील आम्लाची जागा बळकावून तिचे दात पाडतात. खडूसारखी भरणी, शाई, उरलेसुरले अन्न, माती, मीठ ह्यांतील कॅल्शियम व सोडियमही हळूहळू आम्लाच्या जागी पुन्हा ठाण मांडतात. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये रोज एक टन प्लास्टिकचे डीझेल करणारा प्रायोगिक कारखाना सुरू झाला; तोही पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ह्या जातींसाठीच आहे. ह्याचा अर्थ असा, की झिओलाइटचे यश त्याच्या दाराशी ठरण्यापूर्वी आपल्या घराच्या दाराशी ठरते. केराच्या टोपलीत काय वेगळे ठेवले, ह्यावर. आणि ती निवड आज प्रामुख्याने कोण करते? पाठीवर पोते टाकून हिंडणारे कचरावेचक स्त्रीपुरुष. पुण्यात २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. बोटांनी नुसते चुरगाळून, आवाज ऐकून प्लास्टिकची जात सांगणाऱ्या ह्या लोकांचे ज्ञान कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या तासाला शोभेल असे आहे.

ही निवड पाण्याच्या बादलीनेही करता येते, आणि आमच्या विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी ती करून पाहिली. कात्रीने केलेले स्वच्छ तुकडे पाण्यात बुडवून, त्यांना चिकटलेले बुडबुडे झटकून सोडून द्यावेत. दुधाची पिशवी, बाटलीचे बूच, मोडक्या बादलीचा तुकडा वर येतात, कारण पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके. पाण्याच्या बाटलीचा तुकडा व तारेचे आवरण तळाशी जातात. बॉलपेनची पारदर्शक नळी बहुधा पॉलिस्टायरीनची असते; ती साध्या पाण्यात बुडते, पण पाण्यात विरघळेल तितके मीठ घातले की तरंगते. (थर्मोकोल त्याच जातीचा असूनही साध्या पाण्यातच तरंगतो, तो हवेने फुगविलेला असतो.) वर आले ते झिओलाइटच्या उपयोगाचे, तळाशी गेले ते निराळ्या वाटेने पाठवायचे. प्लास्टिक जाळून त्याच्या ज्योतीवरून जात ओळखण्याची एक जुनी रीत पुस्तकांत सापडते, परंतु तिचा धूर विषारी असल्याने ती विद्यार्थ्यांनी करू नये.

मिळालेल्या तेलाचे काय करावे, ह्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ते गाडीत घालून जाळले तर पिशवीतला कार्बन अखेर हवेतच गेला. उकिरडा हलका झाला, एवढाच लाभ. त्याउलट प्रॉपिलीन किंवा झायलीन मिळविले तर त्यांचे पुन्हा प्लास्टिक होते आणि तेवढे खनिज तेल जमिनीत राहते. म्हणून ‘कचऱ्यापासून डीझेल’ ह्या मथळ्यापेक्षा ‘कचऱ्यापासून प्रॉपिलीन’ हा मथळा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो, जरी तो वाचून कोणी टाळ्या वाजविणार नाही.

मंडळाच्या बादलीत एक वस्तू मात्र कोणत्याच ढिगात बसली नाही. ती होती वेफरची चकचकीत पुडी. तिच्यात दोन-तीन जातींचे पापुद्रे एकावर एक चिकटविलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो. विद्यार्थ्यांनी टाकलेले तिचे तुकडे काही तरंगले, काही बुडाले, आणि एक तर पाण्याच्या मध्यावरच बराच वेळ लोंबकळत राहिला. अशा पुड्यांचे पापुद्रे द्रावकांत एकेक करून सुटे करण्याचे प्रयोग चालू आहेत. आम्ही त्या तुकड्यांची तूर्त वेगळी पुडी बांधून ठेवली आहे.